कचेरींतील घडा व हुजूरचा हुकूम

जुन्या दफ्तरांचा संग्रह करणाऱ्या मंडळींचें लक्ष बहुधा सनदा, तहनामे, आज्ञापत्रें व मोर्तबाचे कागद यांवर असतें, आणि तें साहजिकही आहे. हजेरीपट, किरकोळ खर्चाच्या याद्या, पाणक्याचा पगार, सतरंज्यांची खरेदी, शिपायांच्या बदल्या, असल्या कागदांचे रुमाल कोणी उघडीत नाहीं. रद्दीवाला दारीं आला म्हणजे प्रथम तेच बाहेर पडतात. परंतु अमुक जातीच्या मनुष्यास अमुक जागेवर नेमावें असा हुकूम झाल्यावर तो मनुष्य त्या जागेवर खरोखर बसूं शकला कीं नाहीं, त्यास कागद हातांत मिळाला कीं दुरून, आणि तहान लागली असतां तो पाणी कोठें प्याला, या प्रश्नांचीं उत्तरें मोर्तबाच्या कागदांत सांपडत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्ही कोल्हापूर, बडोदें व मुंबई या तीन ठिकाणच्या इ. स. १९०२ ते १९२८ या कालांतील कांहीं प्रसिद्ध गोष्टी एकत्र मांडीत आहों. नोकरींत प्रवेश देण्याचा हुकूम व कचेरींतील वागणुकीचा हुकूम हे दोन निराळे हुकूम होत. पहिला निघाला व दुसरा न निघाला, तर पहिला हुकूम पाण्याच्या घड्यापाशीं येऊन अडतो, असें आम्हांस या गोष्टींवरून दिसतें.

प्रथम कोल्हापूर. शाहू छत्रपतींस १८९४ सालीं राज्याधिकार मिळाले, त्या वेळीं सामान्य कारभारांतील ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते, व कारकुनी दर्जाच्या सुमारें ५०० जागांपैकीं ब्राह्मणेतरांकडे अवघ्या १० होत्या, असे आंकडे महाराजांच्या चरित्रग्रंथांतून दिलेले आहेत. यास निव्वळ पक्षपात म्हणून भागणार नाहीं. लेखणी ज्यांची पिढीजात, त्यांच्याच हातीं ती राहिली. आणि एखादी जागा रिकामी झाली म्हणजे त्याच कचेरींतील कोणाचा तरी भाचा किंवा जांवई आधींपासूनच बिनपगारी उमेदवार म्हणून कोपऱ्यांत बसलेला असे. जाहिरात नको, परीक्षा नको. जागा घरांतल्या घरांत फिरे. ही रीत मोडावयाची तर ती वरूनच मोडणें प्राप्त होतें.

ती मोडणारा जाहीरनामा २६ जुलै १९०२ रोजींचा आहे. महाराज त्या वेळीं सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहण समारंभानिमित्त विलायतेंत होते. हुकुमाच्या तारखेपासून ज्या जागा रिकाम्या होतील त्यांपैकीं शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतील लोकांस द्याव्या, असा त्याचा आशय आहे. मागासलेले म्हणजे कोण याचीही फोड त्यांत केली आहे: ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व दुसरे पुढारलेले वर्ग खेरीज करून बाकीचे सर्व. नेमणुकांचा तपशील खात्याखात्याच्या मुख्यांनीं दर तिमाहीस हुजुरांकडे पाठवावा, हेंही कलम त्यांत आहे. आणि आमच्या मतें हुकुमाचा खरा दांत तो हाच. ज्या हुकुमाचा हिशेब मागितला जात नाहीं तो हुकूम दफ्तरांत झोंपीं जातो, हें संस्थानी कागद चाळणारांस सांगावयास नकोच. पुढें १९१२ सालीं ९५ जागांपैकीं ब्राह्मण अधिकारी ३५ राहिले होते. म्हणजे दहा वर्षांत आंकडा खरोखर हालला. वर्तमानपत्रांतून त्यावर जें काहूर उठलें तें वेदोक्ताच्या वादाशीं मिसळून गेलें. त्याची हकीकत पुष्कळ ठिकाणीं आली आहे, म्हणून येथें ती देत नाहीं.

परंतु या जाहीरनाम्याचें कलम न् कलम वाचलें तरी त्यांत मोजणी आहे, वागणूक नाहीं. मनुष्य जागेवर आला म्हणजे काम संपलें, असें त्यांत गृहीत धरलेलें आहे. त्याचा लाभ आरंभीं मराठे, जैन, लिंगायत, मुसलमान अशा ज्या वर्गांस झाला, त्यांच्या बाबतींत तें गृहीत बऱ्याच अंशीं चाललेंही, कारण त्यांच्या हातचा कागद घेण्यास कोणास अडचण नव्हती. अस्पृश्य मानिलेल्या वर्गाचा मनुष्य कचेरीच्या उंबऱ्याशीं आला, तेव्हां मात्र हें गृहीत कोसळलें.

येथें एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. आपण कचेरींतल्या वरिष्ठास अधिकारी म्हणतों, व अधिकार म्हणजे सत्ता असें समजतों. मीमांसाशास्त्रांत या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथें अधिकार म्हणजे एखादें कर्म करून त्याचें फल भोगण्याची योग्यता. जैमिनीचा सहावा अध्याय सर्व याच विचाराला वाहिलेला आहे. शूद्रास यज्ञाचा अधिकार आहे काय, असा प्रश्न त्यांत निघतो, आणि सर्वांस तो आहे असें बादरीचें मत जैमिनीनें स्वतःच नोंदवून पुढें तें खोडून काढिलें आहे. विरुद्ध मताचा हा पुरावा खोडणाऱ्याच्याच हातून टिकला, ही गोष्ट संशोधकांनीं विसरूं नये. त्याच अध्यायांत रथकाराची कथा आहे. त्यानें पावसाळ्यांत अग्न्याधान करावें असें प्रत्यक्ष वचन असल्यामुळें त्यास तेवढ्यापुरता अधिकार मानिला आहे; वचन आहे म्हणून अग्नि पेटवावयाचा, परंतु तेवढ्यावरून इतर यज्ञांचें दार त्यास उघडत नाहीं. १९०२ नंतर कचेऱ्यांतून जे नवे लोक आले त्यांपैकीं कित्येकांची स्थिति या रथकारासारखी होती. वचनानें जागा मिळाली. जागेबरोबर येणारें बाकीचें सारें वचनांत नव्हतें.

बडोद्याचें उदाहरण याहून अधिक बोलकें आहे, कारण तेथील राजाच्या हेतूविषयीं शंकेस जागाच नाहीं. सयाजीराव महाराजांनीं १९०६ सालीं सर्व राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. अंत्यजांकरितां शाळा तर त्यापूर्वींच काढिल्या होत्या. त्या शाळांवर जावयास सवर्ण हिंदु शिक्षक मिळेनात. मुसलमान शिक्षकांवर काम भागवावें लागलें, व पुढें १९०८ सालीं पंजाबाकडील आर्यसमाजी पंडित आत्माराम यांस आणून त्यांजकडे या शाळांची देखरेख दिली. आम्हीं स्वतः शाळाखात्यांत जन्म काढिला असल्यामुळें हा तपशील आम्हांस अधिक बोंचतो. इमारत होती, पुस्तकें होतीं, पगाराची तरतूद होती, मुलें यावयास तयार होतीं. मास्तर तेवढा उंबऱ्याबाहेर.

याच राज्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर अमेरिकेस गेले. विद्या पुरी झाल्यावर दहा वर्षें राज्याची नोकरी करीन असा करार त्यांनीं ४ जून १९१३ रोजीं लिहून दिला होता. कोलंबिया विद्यापीठांत शिकून व लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून ते १९१७ च्या सप्टेंबरांत बडोद्यास रुजू झाले. पुढील हकीकतीचे दोन भाग आहेत व ते दोन निराळ्या ठिकाणांहून आपणांस कळतात, हें ध्यानांत ठेवावें. कचेरींतील भाग चरित्रकारांनीं दिला आहे. शिपाई कागदांचे गठ्ठे हातांत न देतां दुरून मेजावर फेंकीत. साहेब उठून निघाले म्हणजे सतरंज्या गुंडाळीत. पिण्याचें पाणी कचेरींत मिळत नसे. बिऱ्हाडाचा भाग त्यांनीं स्वतः इंग्रजींत लिहिलेल्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांत आहे. तें त्यांच्या हयातींत छापलें गेलें नाहीं. पुस्तकरूपानें १९९० सालीं बाहेर आलें. हिंदूंच्या खाणावळींत जागा मिळणार नाहीं म्हणून पारशी नांव घेऊन ते एका पारशी पथिकाश्रमांत उतरले. अकराव्या दिवशीं सकाळीं दहाबारा पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले. संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचें कबूल करून ते निघाले, दोघां स्नेह्यांकडे गेले, दोघांनींही आपापल्या घरची अडचण सांगितली, आणि तो दिवस त्यांनीं कामाठी बागेंत बसून घालविला. रात्रीच्या गाडीनें ते मुंबईस परतले. दहा वर्षांचा करार दोनतीन महिन्यांत निकालांत निघाला.

या हकीकतींत पारशी पथिकाश्रमाचा प्रसंग वाचकांच्या मनावर ठसतो, व कचेरीचा त्या मानानें विसरला जातो. आम्हांस इतिहासाच्या दृष्टीनें कचेरीचा प्रसंग अधिक महत्त्वाचा वाटतो. पथिकाश्रमावर हुजूरची सत्ता चालत नव्हती असें क्षणभर धरूं. कचेरी तर हुजूरचीच होती. शिपाई हा त्या कचेरींतील सर्वांत खालचा नोकर, आणि आंबेडकर त्याच्या पुष्कळ वरचे. असें असतां उलट्या पायरीनें अपमान झाला, व त्याबद्दल कोणास जाब देतां येईल असें कलमच अस्तित्वांत नव्हतें. शिपायास विचारलें असतें तर त्यानें सांगितलें असतें कीं कागद तर मेजावर पोंचला. त्यांत हुकूम मोडला कोठें? आणि नियमांच्या पुस्तकाप्रमाणें त्याचें म्हणणें खोटें ठरलें नसतें. सतरंजी गुंडाळणें हा कोणत्याही राज्यांत गुन्हा नाहीं.

आतां त्या शिपायाची व त्याच्याजवळ बसणाऱ्या कारकुनाची बाजू पाहिली पाहिजे. ती न पाहतां निवाडा देणें इतिहासलेखकास शोभत नाहीं. कारकून कचेरींत दिवसाचे सात तास असे, बाकीचा सारा वेळ जातींत. मुलीचें लग्न, आईचें श्राद्ध, स्वतःच्या प्रेतास खांदा, हें सर्व जातीच्या हातीं. पुण्यास १८९० च्या ऑक्टोबरांत पंचहौद मिशनमध्यें कांहीं प्रतिष्ठित गृहस्थांनीं चहाचा पेला हातीं धरिला. कित्येकांनीं तो ओंठासही लाविला नव्हता. गोपाळराव जोशांनीं नांवें ‘पुणेंवैभव’ पत्रांत छापविलीं, ग्रामण्य उभें राहिलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि शेवटीं न्यायमूर्ति रानड्यांसारख्यानें १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें. स्वतःस त्या विधींत अर्थ वाटत होता म्हणून नव्हे, तर घरच्या व स्नेह्यांच्या कोंडीमुळें. ज्या कोंडीपुढें रानडे वांकले तिच्यापुढें वीस रुपये पगाराचा कारकून ताठ उभा राहील, अशी अपेक्षा करणें फार होईल. तथापि यावरून एवढेंच ठरतें कीं कारकून भ्याला कां. त्याच्या भीतीचा भुर्दंड दुसऱ्यानें तहानेनें भरावा हें ठरत नाहीं. भीति एकाची व दंड दुसऱ्यास, ही वांटणी कचेरीनें मुकाट्यानें मान्य केली, हा कचेरीचा दोष.

इंग्रज सरकारनें ही वांटणी नुसती मान्य केली नाहीं, तर तिचा नियम बनविला. मुंबई इलाख्याच्या पलटणींत महार शिपाई पूर्वींपासून होते. कोरेगांवच्या १ जानेवारी १८१८ च्या लढाईच्या स्तंभावर त्यांचीं नांवें आहेत. १८९२ च्या सुमारास पलटणी जातवार रचण्याचें धोरण आलें, आणि इतर जातींचे लोक यांच्याबरोबर राहण्यास नाखूष म्हणून यांची भरती बंद झाली. गोपाळ बाबा वलंगकरांनीं १८९४ सालीं व शिवराम जानबा कांबळे यांनीं १९१० सालीं याविरुद्ध अर्ज तयार केले. अर्जांनीं जें साधलें नाहीं तें महायुद्धानें साधलें: १९१७ सालीं १११ वी महार पलटण उभी राहिली, व गरज सरतांच १९२१ सालीं मोडली.

या पार्श्वभूमीवर कोल्हापूरचा १९१९ सालचा हुकूम वाचावा. त्यापूर्वींच्या वर्षीं महाराजांनीं महार वतनाची जुनी व्यवस्था मोडिली होती, व महार, मांग इत्यादि लोकांस रोज चावडीवर द्यावी लागणारी हजेरी बंद केली होती. राजवाड्यांत तर त्यांनीं माहूत, कोचमन अशा, लोकांच्या नजरेसमोर येणाऱ्या, जागांवर या वर्गांतील माणसें मुद्दाम नेमिलीं होतीं. विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने हीं सर्व सार्वजनिक ठिकाणें मोकळीं करणारे हुकूम १९१९ सालींच निघाले. पण आमच्या विषयाचा हुकूम त्याहून निराळा आहे. मुलकी, न्याय व सामान्य खात्यांतील सर्व अधिकाऱ्यांस उद्देशून तो आहे. त्याचा आशय असा: अस्पृश्य वर्गांतील जे लोक सरकारी नोकरींत आले आहेत त्यांस ममतेनें व बरोबरीनें वागवावें, ज्या अधिकाऱ्यास तसें वागविण्याची इच्छा नसेल त्यानें हा हुकूम पोंचल्यापासून सहा आठवड्यांचे आंत नोटीस देऊन राजीनामा द्यावा, त्यास पेन्शन मिळणार नाहीं.

हा हुकूम व १९०२ चा जाहीरनामा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. जाहीरनाम्यांत जागांची मोजदाद आहे, या हुकुमांत माणसाचें मन गृहीत धरिलेलें नाहीं. ‘प्रेम करा’ असें तो म्हणत नाहीं. नसेल करावयाचें तर जा, आणि पेन्शन येथें ठेवून जा, असें म्हणतो. बडोद्यास ज्याला विटाळाची अडचण नव्हती तोच कचेरी सोडून गेला. कोल्हापुरास ज्याला अडचण असेल त्यानें जावें असें ठरलें. याखेरीज या हुकुमाचा आणखी एक उपयोग झाला असला पाहिजे असें आम्ही समजतों. जो कारकून मनानें वाईट नव्हता पण जातीस भीत होता, त्यास आतां घरीं व पंक्तींत सांगावयास सबब मिळाली: काय करावें, पेन्शन जातें! धाकाची आज्ञा भित्र्या सज्जनास कधीं कधीं आडोसा देते. पेन्शनीवर कशीबशी गुजराण करणाऱ्या आम्हांस त्या सबबीचें वजन चांगलेंच कळतें.

तथापि हुकुमानें सर्व मिटलें असें कोणी समजूं नये. महाराजांच्या खुद्द पागेंतला गंगाराम कांबळे यांचा प्रसंग प्रसिद्ध आहे. पाण्यास हात लाविला म्हणून बरोबरीच्या सवर्ण नोकरांनीं त्यांस मारहाण केली. महाराज परगांवीं होते, परत आल्यावर त्यांनीं मारणारांस शिक्षा केली, आणि गंगाराम यांस नोकरी सोडून स्वतंत्र धंदा करण्यास सांगितलें. गंगाराम यांनीं कोल्हापुरांत भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ नांवाचें चहाचें दुकान काढिलें. गिऱ्हाईक येईना, तेव्हां महाराज स्वतः गाडी थांबवून तेथें चहा घेऊं लागले व बरोबरच्या मंडळींसही घ्यावयास लावूं लागले. ही गोष्ट दुकानाच्या बाजूनें नेहमी सांगतात व ती गोडही आहे. पण तींत एक कडू बी आहे तें सहसा कोणी चावत नाहीं. नोकरी सोडली ती मार खाणाऱ्यानें. राजा अनुकूल, शिक्षा झालेली, आणि तरीही पागेंतील पाण्यापाशीं त्याचें पुन्हां उभें राहणें घडलें नाहीं. राजास पाहिजे तेव्हां गाडी थांबवितां येत होती, पण पागेंत रात्रंदिवस राहतां येत नव्हतें. ६ मे १९२२ रोजीं महाराज मुंबईस वारले.

मुंबईस तर राजाही नव्हता. आंबेडकर १९१८ च्या नोव्हेंबरांत सिडेनहॅम कॉलेजांत अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. येथें शिपाई नव्हे, प्राध्यापकच आडवे आले: प्राध्यापकवर्गाकरितां ठेविलेल्या भांड्यांतलें पाणी यांनीं पिऊं नये अशी कांहीं सहकाऱ्यांनीं हरकत घेतली. विद्येनें हा प्रश्न सुटतो असें ज्यांस वाटतें त्यांनीं बडोद्याचा शिपाई व मुंबईचा प्राध्यापक यांस एकदां शेजारीं बसवून पाहावें.

गिरण्यांत तीच गोष्ट पोटाशीं येऊन भिडली. साचेखात्यांत, म्हणजे विणाईच्या खात्यांत, कांताईपेक्षां मजुरी अधिक पडे. पण तेथें अस्पृश्य मानिलेल्या कामगारांस घेत नसत. कारण असें देत कीं धोट्यांतली कांडी बदलली म्हणजे सुताचें टोंक धोट्याच्या भोंकांतून तोंडानें ओढावें लागतें, व एकाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडीं जातो. एका भोंकानें सबंध वर्गाची वाढीव मजुरी अडविली. १९२८ सालीं मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप झाला, तेव्हां आंबेडकरांनीं हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढें टाकिला व आमच्या लोकांस साचेखातें मोकळें करण्याची मागणी इतर मागण्यांबरोबर घ्या असा आग्रह धरिला. पुढाऱ्यांनीं ती घेतली, पण खुशीनें नव्हे. मालकाविरुद्ध एकत्र उभें राहणें त्यांस सोपें गेलें. धोट्याचें भोंक एकत्र वापरणें जड गेलें. कोल्हापूरच्या हुकुमासारखें कलम गिरणींत काढणार कोण? मालकास त्यांत लाभ नव्हता, आणि युनियनला आपलेच सभासद दुखवावे लागत होते.

पुढें मध्यवर्ती सरकारनें १९४३ सालीं अस्पृश्य वर्गांकरितां शेंकडा ८⅓ जागा राखून ठेविल्या. तो पुन्हां मोजणीचाच हुकूम होता. अस्पृश्यता पाळणें हाच गुन्हा ठरविणारा कायदा राज्यघटनेनंतर १९५५ सालीं झाला.

संग्राहक मंडळींस आमची विनंति एवढीच आहे. कोल्हापूर व बडोदें येथील जुन्या अधिकारी घराण्यांतून अद्याप खाजगी रुमाल निघतात. त्यांत १९१९ सालच्या त्या सहा आठवड्यांतील नोटिसा किंवा राजीनामे, पेन्शनीच्या तक्रारींचे अर्ज, कचेरीच्या किरकोळ खर्चांत घडे, पेले व पाणके यांच्या नोंदी, आणि मुख्यतः एका घड्याऐवजीं दोन घडे खरेदी झाल्याच्या तारखा सांपडल्या, तर ते कागद मोडी लिपींत आहेत किंवा वाळवीनें खाल्ले आहेत म्हणून टाकून न देतां, ज्या रुमालांत सांपडले त्याच्या नांवासह व अनुक्रमासह वेगळे बांधून ठेवावे. सुटा कागद दुसऱ्या रुमालांत मिसळला म्हणजे कोणत्या कचेरींतला घडा तें पुन्हां ठरवितां येत नाहीं.